बालाजीरावांचे केस कुठं गेले?

ही गोष्ट मी बायकोलासुद्धा अर्धीच सांगितलीय. तुम्ही चहा पाजलात म्हणून पुरी सांगतो. पण हसायचं तर तोंडावर हात धरून हसा, आणि नांदेडात कुठं माझं नाव घेऊ नका. गाढवपणा काय, माणूस करतोच. पण मी तो पांढरा शर्ट घालून, डोळ्यांत पाणी आणून, वर चार माणसं गोळा करून केलाय!

तर, मी पाईप विकतो. शेतीचे पाईप, तुषार सिंचनाचे संच. नांदेड आणि लातूर, दोन्ही जिल्हे माझ्याकडं. हरभऱ्याची पेरणी आली की तुषारच्या संचांना मागणी सुटते, आणि त्या थोड्या दिवसांवर आमचं सगळं वर्ष निघतं.

यंदा आमच्या पुण्याच्या ऑफिसनं आम्हा सगळ्यांच्या मोबाइलमध्ये एक ॲप घातलं. त्यात प्रत्येक दुकानदाराचं एक पान. माल किती घेतला, तुम्ही भेटायला कधी गेलात, घरात कोण कोण, वडिलांची आवड काय, सगळं भरायचं. भरलं की ॲप आपलं आपणच सांगतं की या माणसाशी तुमचं नातं कसं आहे. हिरवं म्हणजे घट्ट, पिवळं म्हणजे ढिलं, लाल म्हणजे गेलं कामातून.

मोठे साहेब मीटिंगमध्ये म्हणाले, "डेटा बोलतो. आपण फक्त ऐकायचं."

मी तर ऐकायला एका पायावर तयार! डेटाला चहा पाजावा लागत नाही. डेटा "जेवूनच जावा" म्हणून हात धरत नाही. आणि हे ॲप तुम्ही कुठं बसून भरताय ते विचारत नाही, हा शोध मला पहिल्याच आठवड्यात लागला. मग काय विचारता! घरच्या सोफ्यावर पाय पसरून मी सगळ्या दुकानदारांना भेटून येऊ लागलो. लोहा गावचे बालाजीराव म्हणजे माझे सगळ्यांत मोठे दुकानदार. त्यांच्या पानावर मी लिहिलं, 'वडील : अण्णा. आवड : भजन.' अण्णांना मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. पण म्हाताऱ्या माणसाला भजनाशिवाय दुसरी कशाची आवड असणार?

वर आणखी एक सोय केली. कुणाचाही मेसेज आला की माझ्या फोनवरून आपोआप एक गोड उत्तर जायचं. वाचायची कटकटच नाही. माझी सगळी पानं हिरवीगार!

आणि ऐन पेरणीच्या तोंडावर लोहा लाल झालं.

बालाजीरावांकडून एका पाईपची मागणी नाही. फोन लावावा तर बंद. पुण्याहून साहेबांचा फोन मात्र लगेच आला.

"लोहा लाल का दिसतंय?"

"बघतो सर."

"बघा. हे आठवडाभरात सुधारलं नाही ना, तर मला तुमच्या जागी दुसरा माणूस बघावा लागेल."

 धाकटीला लातूरला शिकवणी लावलेली, घराचे हप्ते चालू, आणि या वयात मला दुसरीकडं कोण ठेवून घेणार? तेव्हा माझी नोकरी त्या लाल ठिपक्यावर लटकली होती, एवढं ध्यानात ठेवा.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंना सोडायला नांदेड स्टेशनवर गेलो. त्यांना डब्यात बसवून वळतो तर पलीकडच्या फलाटावर बालाजीराव! आधी ओळखूच आले नाहीत. डोक्यावरचा टॉवेल सरकला, तर खाली तुळतुळीत गोटा. मिशीपण गायब! अहो, बालाजीरावांची मिशी म्हणजे काय साधी मिशी? लोह्यात दुकानाचा पत्ता सांगताना लोक तिच्यावरून सांगत. हातात पिशवी, मागं वहिनी, दोघांचेही चेहरे उतरलेले, एकमेकांशी बोलत नाहीत. मी हाक मारली, पण तोवर ते गर्दीत दिसेनासे झाले.

आता तुम्हीच सांगा, आपल्याकडं माणूस डोकं आणि मिशी दोन्ही एकदम कधी उतरवतो?

बाप गेल्यावर!

दुसरंही एक कारण असतं. ते तुमच्या ओठावर आलंय, मला दिसतंय. गप बसा! मला त्या वेळी सुचलं नाही. मी तर पिशवीकडं बघून ठरवूनच टाकलं, अस्थी विसर्जन करून आलेत. अहो, गोदावरी नांदेडच्या उशाला वाहते. लोह्याचा माणूस अस्थी घेऊन रेल्वेत कशाला बसेल? एवढा विचार मी करायला नको होता का? पण माझं सगळं डोकं त्या ॲपात अडकलेलं.

आणि खरं सांगू? अण्णा गेले असं वाटल्यावर मला आधी वाईट वाटलं नाही. हायसं वाटलं. घरात दुखवटा आहे, म्हणून मागणी नाही. चला, साहेबांना सांगायला कारण मिळालं! या गोष्टीत लाजेच्या जागा पुष्कळ आहेत, पण मला सगळ्यांत जास्त लाज वाटते ती या हायसं वाटण्याची.

घरी येऊन ॲपात भरलं, 'वडिलांचे निधन.' ॲपनं लगेच सल्ला दिला, 'कुटुंबाला भेट द्या, नाते दृढ होईल.' म्हटलं, वा!

पण आमचं तेवढ्यावर भागतंय होय? दुकानदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी पेटत्या पणतीचं चित्र टाकलं. खाली लिहिलं, 'लोह्याचे आपले बालाजीराव यांचे वडील, भजनप्रेमी अण्णा, यांना भावपूर्ण श्रद्धांजली.' बालाजीराव ग्रुपमधून मागंच बाहेर पडले होते. तेही मी कधी बघितलं नव्हतं.

हात जोडलेल्या चित्रांचा नुसता पाऊस! मुदखेडचे रहीमचाचा, तेही आमचे दुकानदार आणि अण्णांचे जुने दोस्त, त्यांचा तर फोनच आला.

"साहब, आपले अण्णा गेले? दवाखान्यातून तर चांगले घरी आणले हुते की!"

दवाखाना? कसला दवाखाना? मला काहीच माहीत नव्हतं. पण अण्णांचा मी एवढा जवळचा, मी कसं विचारणार?

"हो ना चाचा," मी म्हणालो. "होत्याचं नव्हतं झालं."

"मट्टीलाबी न्हाई पोचलो मी," म्हणून चाचा फोनवरच रडायला लागले. त्यांना धीर दिला. मी!

मग बालाजीरावांच्या दुकानाशेजारच्या टपरीवर फोन लावला. टपरीवाला म्हणाला, "दुकान बंद हाय साहेब. उद्या घरी कार्यक्रम हाय, समद्या गावाला जेवन हाय." आता गोटा केलेल्या माणसाच्या घरी गावजेवण म्हटल्यावर 'कसला कार्यक्रम' असं कुणी विचारतं का? तेरावंच असणार. मी चाचांना कळवून टाकलं, "उद्या या."

दुसऱ्या दिवशी पांढरा शर्ट घातला. आरशासमोर उभं राहून चेहरा पाडून बघितला, बऱ्यापैकी जमत होता. बालाजीरावांसाठी दुखवट्याचा टोपी-टॉवेल घेतला आणि मोटारसायकल लोह्याच्या रस्त्याला लावली. घर गावाबाहेर शेतात. विचारत विचारत गेलो. ॲपात महिन्याच्या महिन्याला येणारा माणूस, आणि घर विचारत!

दारात मांडव. मोठमोठ्या कढया चढलेल्या, बुंदी पाडणं चाललेलं. आत बायका हसत होत्या. तेवढं मला खटकलं, पण म्हटलं, पिकलं पान गेलं, किती दिवस रडतील? बालाजीराव कुठं दिसेनात. लिंबाखाली बाजेवर एक म्हातारा कानाला मफलर गुंडाळून बसला होता. अंगानं वाळलेला, पण नजर लखलखीत. कुणी भाऊबंद असेल म्हणून मी त्याच्याजवळ टेकलो.

"रामराम बाबा."

"रामराम. कोन पाव्हनं?"

"मी नांदेडचा. पाईपच्या कंपनीतला. बालाजीरावांच्या घरातलाच समजा."

"आस्सं, आस्सं. बसा की."

मी मान खाली घातली. "लई वाईट झालं हो."

"काय झालं?"

म्हातारा कानानं अधू दिसतोय म्हणून मी आवाज चढवला. "अण्णा! अण्णा गेले ना!"

 म्हातारा बाजेवर सरकून बसला आणि म्हणाला, "तुमी वळखत हुता व्हय अण्णाला?"

इथं नुसतं 'हो' म्हणून गप्प बसायचं की नाही? पण विक्रीतला माणूस गप्प बसला तर तो विक्रीतला कसला!

"ओळखत म्हणजे? पोरासारखा मानायचे मला. दर महिन्याला येणं माझं. जेवल्याबगर कधी सोडलं नाही."

"हाव? काय खाऊ घालायचे?"

"पिठलं-भाकरी. स्वतःच्या हातानं वाढायचे."

"बेसन तर सोसत न्हवतं त्याला."

"स्वतः नाही खायचे! मी खातो ते बघत बसायचे."

"आसंल, आसंल," म्हातारा म्हणाला. त्याच्या मिशा हलत होत्या. मला वाटलं, त्याला रडू येतंय. मग काय, मी सुटलो. "आणि भजन काय गायचे हो!"

म्हातारा एकदम ताठ झाला. "भजन? त्यो तालमीतला गडी. जल्मात टाळ धरला न्हाई त्यानं!"

"चारचौघांत नाही गायचे," मी म्हणालो. "मला एकट्याला ऐकवायचे."

तुम्ही हसताय. हसा. मला तेव्हा वाटत होतं की मी फार छान सावरून घेतोय.

म्हातारा पुढं वाकला. "मंग जाताना काई बोलून गेला आसंल तुमाला?"

मी रुमाल काढला, डोळे पुसले. खरंच ओले झाले होते, देवाशप्पथ! "म्हणाले, माझ्या बालाजीला सांभाळा. आणि त्याला दुसऱ्या कंपनीचे पाईप घेऊ देऊ नका."

माणसानं किती खालच्या थराला जावं, याला काही सुमार? मेलेल्या माणसाच्या तोंडी मी पाईपची जाहिरात घातली. आणि तो माणूस मेलाही नव्हता!

तेवढ्यात मांडवापाशी जीप थांबली. रहीमचाचा उतरले. हातात भलामोठा झेंडूचा हार, डोळे रडून लाल. चार पावलं आले, बाजेकडं बघितलं आणि जागच्या जागी थिजले.

"या अल्ला! अण्णा?"

माझ्या शेजारचा म्हातारा शांतपणे म्हणाला, "ये रहीम. म्या गेलोय म्हनं. हे साहेब सांगून राहिलेत. बस, दुखवट्याला आलास न्हवं?"

धरणी दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं, असं म्हणतात ना? मी खाली बघितलं. लोह्याची काळी जमीन, एरवी बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या दिवशी एक भेग दिसेल तर शपथ!

चाचांनी अण्णांना मिठी मारली. रडत होते, हसत होते आणि मधूनमधून माझ्याकडं बघून दातओठ खात होते. आतून माणसं धावत आली. झाला प्रकार अण्णांनी मांडवात बसून साग्रसंगीत सांगितला. पिठलं, भजन, पाईप, एक शब्द सोडला नाही! बुंदी पाडणारा आचारी हसता हसता झारा टाकून खाली बसला. चाचांच्या हातातला हार अण्णांनी आपल्या हातानं गळ्यात घातला. म्हणाले, "आनलायस तर घालतो. गेल्यावर घातलेला कुनाला दिसतोय?"

सगळे हसत होते. एकटे बालाजीराव नाही. ते हातात बुंदीचं ताट घेऊन आले होते, तुळतुळीत डोक्यानं तसेच उभे.

"साहेब, केस तिरुपतीला देऊन आलो म्या. हे मावंदं हाय, त्याचं जेवन."

तिरुपती! ज्याचं नावच बालाजी, त्याचे केस कुठं गेले हे शेंबड्या पोरानंही सांगितलं असतं. गाडीच्या लांबच्या प्रवासानं शिणलेल्या दोन माणसांना मी दुखवट्यात बसवलं होतं.

"नवस हुता," बालाजीराव म्हणाले. "अण्णा दवाखान्यातनं उठून घरी आले, तर केस देतो म्हनलो हुतो."

म्हणजे बघा. अण्णा वाचले म्हणून या माणसानं डोकं उतरवलं, आणि ते डोकं बघून मी अण्णांना मारून टाकलं.

"नांदेडलाच हुते अण्णा दवाखान्यात," ते पुढं म्हणाले. "तुमच्या घराच्या मागच्या गल्लीत. रगत लागत हुतं. नांदेडात आमच्या वळखीचं दुसरं कोन हाय? तुमाला मेसेज टाकला."

"मला?"

त्यांनी फोन काढून माझ्यासमोर धरला. वर त्यांचा मेसेज होता, 'साहेब, अण्णाला रक्त लागतंय, काही होतंय का बघा.' आणि खाली, त्याच मिनिटाला गेलेलं माझं गोड उत्तर : 'संपर्क केल्याबद्दल आभार. आपला दिवस आनंदात जावो.'



 "ते आपोआप जातं," मी म्हणालो.

"आपोआप जातं," बालाजीराव म्हणाले. "दुसऱ्या कंपनीचा मानूस आला. कुनीतरी सांगितलं आसंल त्याला. रगत दिलं आन् अण्णापाशी बसला. पाईपाचं नावबी न्हाई काढलं. पेरनीचा माल म्याच सोताहून त्याच्याकडनं मागवला."

लोहा लाल का, याचं उत्तर मिळालं होतं. ॲपात त्यासाठी रकानाच नव्हता. आणि असता, तरी मी त्यात भजन भरलं असतं. मला इतकी लाज वाटली की हातातला टोपी-टॉवेल कुठं लपवावा तेही कळेना. उठून पळावं म्हणून वळलो, तर अण्णांनी मनगट धरलं. म्हातारा असला तरी तालमीतला हात तो, सुटतोय होय?

"जेवल्याबगर कधी सोडलं न्हाई म्हनला न्हवं? बसा!" आणि त्यांनी आत आवाज दिला, "सूनबाई, साहेबाला पिठलं-भाकरी टाका!"

सगळं गाव बुंदी आणि पुरणपोळी जेवलं. त्या सगळ्या पंगतीत पिठलं-भाकरी एकट्या माझ्या ताटात! अण्णांनी स्वतःच्या हातानं वाढली आणि मी खातो ते बघत समोर बसले. बरं, पिठलं तिखटजाळ. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि या वेळी रुमाल काढायचीही सोय नव्हती, कारण रुमाल काढला की पंगत हसायची.

"आनखी वाढू का?"

"नको अण्णा. माफ करा मला."

"पाईपाचं पुढल्या साली बगू," अण्णा म्हणाले. "त्याच्या आदी येत जावा. खरंखुरं. काई विकायला आनू नका."

मग पाण्याचा तांब्या माझ्याकडं सरकवत त्यांनी सहज विचारलं, "तुमचे वडील हायत का?"

"हायत की. तात्या. शिरूर अनंतपाळला असतात, गावाकडं."

"कशे हायत?"

"बरे असतील."

"आसतील?" अण्णा म्हणाले. मला ते त्या तिखटजाळ पिठल्यापेक्षा जास्त झोंबलं.

निघताना फोन वाजला. पुण्याहून साहेबांचा मेसेज : 'कुटुंबभेटीची नोंद झाली, लोहा पिवळं झालंय. शाब्बास!' मी तिथंच मोटारसायकलवर बसून लिहिलं, 'सर, वडील जिवंत आहेत. लोह्याचा माल दुसरीकडं गेला, चूक माझी आहे.' नोकरीचं अजून टांगलेलंच आहे, विचारू नका. ते आपोआप जाणारं उत्तर मात्र आधी बंद केलं.

लोह्याच्या स्टँडपाशी येऊन गाडी बाजूला लावली. अण्णांचं ते 'आसतील?' काही डोक्यातून जाईना. म्हटलं, उगाच, काही काम नसताना, तात्यांना फोन लावावा. नुसतं कसे आहात विचारावं. शेवटचा फोन कधी केला होता, आठवून बघितलं. चुलते वारले तेव्हा. त्याच्या आधीचा, आत्या गेली तेव्हा.

तात्यांनी पहिल्याच रिंगला फोन उचलला. मी काही बोलायच्या आत पलीकडून त्यांचा घाबराघुबरा आवाज आला,

"कोन गेलं रं?"